इथेनॉल बनवायचंय? आधी थोडं इथेनॉल घ्या!

आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहणारी मुलगी यंदा बारावीला आहे. डोंबिवलीत बारावी सायन्स म्हणजे काय, हे इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. स्टेशनपासून फडके रोडपर्यंत चालत गेलात तर दोन्ही बाजूंना क्लासच्या पाट्या, त्यावर टॉपर मुलांचे फोटो. ही मुलगी रविवारी माझ्याकडे येते, 'ताई, एवढंच सांग' म्हणत दोन तास बसते, आणि तिच्यामुळे मला दर आठवड्याला शाळेतली केमिस्ट्री नव्याने वाचायला लागते. मागच्या रविवारी तिने गाइडमधला एक प्रश्न दाखवला. इथेनॉल तयार करण्याच्या पाच पद्धती समीकरणांसह लिहा, पाच गुण. तिला सगळ्या पाठ होत्या. फक्त शेवटी तिने सहज विचारलं, "पण ताई, यातली खरी कुठली?"

माझ्या पीएचडीचा विषय इथेनॉलशीच जोडलेला आहे. त्यामुळे खरं तर मला पटकन उत्तर देता यायला हवं होतं. मी पटकन दिलंही. पण ती खाली गेल्यावर मी तो पाच पद्धतींचा कागद पुन्हा वाचला आणि एकटीच हसत सुटले. का ते सांगते. आजची पोस्ट म्हणजे त्या कागदाचं आणि त्यामागच्या धड्याचं परीक्षण आहे असं समजा. पुस्तकांची परीक्षणं लोक लिहितात, मग पाठ्यपुस्तकाची का नकोत? महाराष्ट्रातलं सर्वांत जास्त वाचलं जाणारं गद्य तेच असावं.

पद्धत पहिली: ब्रोमोइथेनवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यातल्या द्रावणाची क्रिया करा. ब्रोमीन जातो, त्या जागी हायड्रॉक्सिल गट येतो, इथेनॉल मिळतं. बरोबर आहे. आता ब्रोमोइथेन आणायचं कुठून? प्रयोगशाळेत ते बनवण्याची नेहमीची रीत म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइड, सल्फ्युरिक आम्ल आणि... इथेनॉल.

पद्धत दुसरी: इथेनॅलचं क्षपण. सोडियम बोरोहायड्राइड वापरा किंवा निकेलवर हायड्रोजन सोडा, इथेनॅलचं इथेनॉल होतं. आणि इथेनॅल? आपल्या देशात ते वर्षानुवर्षं इथेनॉलमधून हायड्रोजन काढून बनवत आले आहेत. म्हणजे कारखान्याने मेहनतीने काढलेला हायड्रोजन आपण परीक्षेत परत घालतो.

पद्धत तिसरी: इथाइल ॲसिटेटचं जलापघटन. इथाइल ॲसिटेट हे एस्टर आहे, ते ॲसिटिक आम्ल आणि इथेनॉल यांपासून बनतं. महाडला ते मोठ्या प्रमाणावर बनतं आणि त्यासाठी कारखान्यात टँकरने इथेनॉल येतं. पद्धत चौथी: इथाइल अमाइनवर नायट्रस आम्लाची क्रिया. इथाइल अमाइन बनवायचं तर इथेनॉल आणि अमोनिया.

पाचवी माझी सर्वांत आवडती. ग्रिन्यार अभिकारक! मिथाइल मॅग्नेशियम ब्रोमाइड आणि फॉर्माल्डिहाइड. इथे तर इथेनॉल कुठेच दिसत नाही, वाटतं सुटलो. पण ग्रिन्यार अभिकारक बनतो तो कोरड्या इथरमध्ये. आणि हे इथर, म्हणजे इथॉक्सिइथेन, कुठून येतं ते त्याच धड्यात चार पानं पुढे दिलंय: इथेनॉल आणि संहत सल्फ्युरिक आम्ल, १४० अंश सेल्सिअस.

पाचही पद्धतींत इथेनॉल आधी दाराआड उभं आहे, आणि आपण त्याला पुढच्या दाराने 'तयार झालं' म्हणून आत घेतोय. शेजाऱ्याकडून वाटीभर विरजण आणून 'मी घरी विरजण बनवलं' म्हणण्यातला प्रकार.

थांबा, इथे मी थोडा अन्याय करतेय. ब्रोमोइथेन इथीन आणि हायड्रोजन ब्रोमाइडपासूनही बनतं, इथेनॅल इथीनपासून बनवण्याची पद्धत १९६० पासून उद्योगात आहे. म्हणजे वर्तुळातून बाहेर पडायला इथीनचं एक दार आहे, त्याच्याकडे येतेच. आणि दुसरं म्हणजे, या पद्धती मुळात इथेनॉलसाठी दिलेल्याच नाहीत. बारावीच्या धड्यात त्या 'अल्कोहोल तयार करण्याच्या सामान्य पद्धती' म्हणून येतात. एखादा वीस-पंचवीस कार्बनचा रेणू आहे, त्यात एका ठराविक जागी हायड्रॉक्सिल गट हवाय, तेव्हा बोरोहायड्राइड आणि ग्रिन्यार हेच हात-पाय असतात. आमच्या लॅबमध्ये बोरोहायड्राइडची बाटली दर महिन्याला संपते. त्या पद्धतींवर माझा राग नाही. राग आहे तो, सामान्य पद्धतीचं उदाहरण द्यायचं म्हणून सगळ्यात लहान परिचित अल्कोहोल घ्यायचं, मग गाइडने त्याचा 'पाच पद्धती' असा प्रश्न बनवायचा, आणि मुलीने तो खरा धरायचा, या साखळीवर. या साखळीत कुणीही खोटं बोललेलं नाही, आणि तरी शेवटच्या मुलीकडे पोचलं ते खोटं आहे.

आता ते इथीनचं दार.

माझ्याकडे एनसीईआरटीची बारावीची जुनी प्रत आहे, मी शिकले तीच. त्यात इथेनॉलवर एक छोटा परिच्छेद आहे. आधी किण्वनाची माहिती, आणि शेवटी अशा अर्थाचं एक वाक्य की हल्ली मोठ्या प्रमाणावर इथेनॉल इथीनच्या जलयोजनाने मिळवतात. इथीन आणि वाफ, सुमारे ३०० अंश तापमान, ६० ते ७० पट वातावरणीय दाब, सिलिकावर चढवलेलं फॉस्फोरिक आम्ल उत्प्रेरक. शेल कंपनीने १९४० च्या दशकाच्या शेवटी ही थेट जलयोजनाची पद्धत उद्योगात आणली. एका फेरीत जेमतेम ५ टक्के इथीनचं रूपांतर होतं, उरलेलं पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं. समतोल शिकवायला हे उदाहरण झकास आहे. अभिक्रिया उष्णता बाहेर टाकणारी, म्हणजे ल शातेलियेच्या तत्त्वाप्रमाणे तापमान कमी हवं. पण कमी तापमानाला ती इतकी हळू चालते की कारखाना परवडत नाही. म्हणून मधलं कुठलंतरी तापमान. एवढं सगळं ठीक.

पण 'हल्ली' आणि 'मोठ्या प्रमाणावर' हे शब्द कुणाचे? हे वाक्य विसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या आणि इंग्लंडच्या पुस्तकांतून आलेलं आहे, जिथे पेट्रोलियममधून इथीन स्वस्तात मिळत होतं. आपल्याकडे हे चित्र कधीच नव्हतं. भारतात इथेनॉल जवळपास सगळं किण्वनाने बनतं, आणि आता जगातलंही बहुतेक इथेनॉल किण्वनाचंच आहे. उलट आपल्याकडे नदी उलटी वाहते. उत्तराखंडात काशीपूरला एक मोठा कारखाना आहे, तिथे मळीच्या इथेनॉलमधून पाणी काढून इथीन बनवतात आणि त्यापासून पुढे ग्लायकॉल. दहावीच्या पुस्तकात इथेनॉल १७० अंशाला संहत सल्फ्युरिक आम्लाबरोबर तापवून इथीन मिळतं ते निर्जलीकरण आठवतंय? तेच, फक्त आम्लाऐवजी घन उत्प्रेरक. माझी पीएचडी याच उत्प्रेरकांवर आहे. मी रोज सकाळी ७.५० ची लोकल धरून इथेनॉलपासून इथीन बनवायला जाते आणि माझी शेजारीण संध्याकाळी इथीनपासून इथेनॉल पाठ करते.

आपल्या पट्ट्याला या गोष्टीचा एक जवळचा संदर्भही आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर नोसिलने १९६८ साली नॅफ्थाचं भंजन करून इथीन बनवणारा प्रकल्प सुरू केला. त्यात भागीदार कोण, तर तीच शेल कंपनी. म्हणजे पेट्रोलियमचं इथीन आमच्या खाडीपलीकडेच बनत होतं, आणि पद्धतीची मालक कंपनी दारात होती. तरी देशाचं इथेनॉल मळीतून येत राहिलं. का, तर साखर कारखान्याबाहेर मळीच्या टाक्या भरून वाहत होत्या आणि नॅफ्था मोजून घ्यावा लागत होता. कुठली पद्धत 'औद्योगिक' ठरते हे समीकरणावरून कळत नाही. शेजारी काय स्वस्त पडून आहे त्यावरून कळतं. हे एक वाक्य धड्यात असतं तर मी त्याला पूर्ण गुण दिले असते.

बरं, मग किण्वन. इथे मला जास्त वेळ थांबायचंय, कारण खरी पद्धत हीच आणि धड्यात सर्वांत कमी जागा हिलाच.

आधी मळी. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात 'इंधन म्हणून अल्कोहोल' अशी एक चौकट आहे. तिचा अर्थ असा की उसाच्या रसापासून मळी बनवता येते आणि तिचं किण्वन करून अल्कोहोल मिळतं. मराठी मुलाला हे वाचताना खटकायला हवं. रस आटवून मिळते ती काकवी. रसातून साखरेचे दाणे काढून घेतल्यावर जे काळं, घट्ट, आणखी साखर द्यायला नकार देणारं उरतं ती मळी. काकवी मुद्दाम बनवतात, मळी उरते. कारखान्यात साखर दोन-तीनदा काढतात. शेवटच्या खेपेनंतर उरते ती सी-हेवी मळी, एक खेप आधी थांबलात तर बी-हेवी, जिच्यात साखर जास्त. एक टन सी-हेवी मळीपासून साधारण २२५ लिटर इथेनॉल निघतं, बी-हेवीपासून ३०० च्या आसपास. थेट रस वापरला तर एक टन उसामागे ७० लिटर.

हा फरक म्हणजे शब्दांचा कीस नाही. सी-हेवी मळीतून इथेनॉल काढणं म्हणजे उरलेल्यातून काढणं. थेट रसातून काढणं म्हणजे साखर न बनवता इंधन बनवणं. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने उसाचा रस इथेनॉलसाठी वापरण्यावर बंदी घातली, नंतर थोडी सैल केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली. त्या काळात बातम्यांमध्ये बी-हेवी, सी-हेवी हे शब्द रोज येत होते. दहावीतल्या मुलाने ते ऐकून पुस्तक उघडलं असतं तर पुस्तकाने त्याला गोंधळातच टाकलं असतं.

त्याच चौकटीत पुढे असंही आहे की काही देश पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळतात. काही देश! ते पुस्तक येण्याआधीच, जानेवारी २००३ मध्ये, महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला होता. त्याहून मागे जायचं तर १९४८ साली आपल्याकडे पॉवर अल्कोहोलचा कायदाच झाला होता. आज डोंबिवलीतल्या पंपावर मिळतं ते ई-२०. वीस टक्के इथेनॉल. बाबांच्या जुन्या स्कूटरला ते मानवतंय का यावर आमच्या घरी रोज चर्चा होते, आणि खरं सांगते, ती चर्चा धड्यापेक्षा जास्त शास्त्रीय असते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे ऊर्जा साडेसहा ते सात टक्क्यांनी कमी होते. प्रत्यक्षात ॲव्हरेज किती पडतं ते इंजिनवर अवलंबून, पण हे गणित दहावीच्या मुलाला येण्यासारखं आहे. त्याला आपण त्याऐवजी 'स्वच्छ इंधन' हा शब्द देतो.

आता किण्वन म्हणजे नेमकं काय, याबद्दल. बारावीच्या त्या परिच्छेदातल्या तीन विधानांवर मला बोलायचंय.

एक: झायमेज. साखरेचं इन्व्हर्टेजमुळे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, ग्लुकोजचं झायमेजमुळे इथेनॉल. इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम खरंच आहे. झायमेज नावाचं एक एन्झाइम नाही. एडुआर्ड बुखनर यांनी १८९७ मध्ये यीस्ट वाळू घालून चिरडलं, त्याचा रस गाळून घेतला आणि त्यात साखर घातली. जिवंत पेशी एकही नसताना फेस आला. त्या रसातल्या 'काहीतरी'ला त्यांनी झायमेज म्हटलं. १९०७ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं, आणि मिळायलाच हवं होतं. पण ते 'काहीतरी' म्हणजे डझनभर एन्झाइमांची रांग आहे हे पुढच्या काही दशकांत कळलं. आपण अजून १८९७ मध्ये आहोत. अर्थात बारावीत डझनभर नावं पाठ करायला लावा असं मी म्हणत नाहीये, देवा नको. फक्त 'झायमेज हे जुनं नाव, प्रत्यक्षात ही एन्झाइमांची साखळी' एवढी एक ओळ. गंमत म्हणजे त्याच मुलीच्या बायोलॉजीच्या पुस्तकात ग्लायकोलिसिसची पूर्ण आकृती आहे. दोन पुस्तकं एकाच दप्तरात आहेत, पण एकमेकांशी बोलत नाहीत.

दोन: अल्कोहोल १४ टक्क्यांच्या वर गेलं की झायमेजचं काम थांबतं. काम करेनासं होतं ते यीस्ट. अल्कोहोल त्याच्या पेशीपटलात घुसून ते गळकं करतं. आणि १४ हा काही निसर्गाचा आकडा नाही. यीस्टच्या जातीवर तो कमीजास्त होतो, जपानी साकेचं यीस्ट २० टक्क्यांपर्यंत तग धरतं. आपल्या डिस्टिलरीत टाकीतलं अल्कोहोल साधारण ८ ते १२ टक्क्यांवरच असतं, कारण मळीत साखरेबरोबर क्षारही भरपूर असतात आणि यीस्टला तो त्रास वेगळा.

तीन: हवा आत गेली तर ऑक्सिजनमुळे इथेनॉलचं ॲसिटिक आम्ल होतं आणि चव बिघडते. हे वाक्य सर्वांत फसवं. नुसत्या हवेने इथेनॉलचं व्हिनेगर होत असतं तर आमच्या लॅबमधल्या सगळ्या बाटल्या आंबल्या असत्या. हवेबरोबर जे जीवाणू येतात ते हे काम करतात. आणि हे समजायला द्राक्षाच्या वाइनकडे जायची गरज नाही. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, त्याआधी डहाणू-तलासरी ठाणे जिल्ह्यातच होतं. तिकडे ज्यांचे नातेवाईक असतील त्यांना माहीत आहे: पहाटे झाडावरून उतरवलेली नीरा गोड, उन्हं वर आली की तिचीच ताडी, आणि दुसऱ्या दिवशी आंबट ढाण. एकाच मडक्यात साखर, इथेनॉल आणि ॲसिटिक आम्ल, तेही याच क्रमाने. त्या मडक्यात यीस्टबरोबर झायमोमोनास नावाचा एक जीवाणूही असतो, तोही इथेनॉल बनवतो आणि यीस्टपेक्षा वेगळ्या रासायनिक वाटेने. संशोधक गेली कित्येक वर्षं त्याच्या मागे आहेत. धड्यात फ्रान्सची द्राक्षं, आणि ताडीचं मडकं धड्याबाहेर. ते का बाहेर आहे हे मला कळतं, कुणाला मुलांच्या पुस्तकात ताडी नको असते. पण वाइन चालते!

यीस्टबद्दल अजून एक बारीकशी गोष्ट, जी मला स्वतःला एमएस्सीला कळली. 'ऑक्सिजन नसताना किण्वन' हे निम्मं खरं आहे. साखर भरपूर असली की आपलं नेहमीचं यीस्ट ऑक्सिजन असतानाही इथेनॉल बनवतं. आणि सुरुवातीला वाढायला त्याला थोडा ऑक्सिजन लागतोच, म्हणून डिस्टिलरीत आधी हवा देऊन यीस्ट वाढवतात, मग मुख्य टाकीत सोडतात.

किण्वनानंतरचा टप्पा पुस्तकात 'ऊर्ध्वपातन करून शुद्ध इथेनॉल मिळवतात' एवढ्यात संपतो. नाही मिळत! कितीही उंच स्तंभ बांधा, ९५.६ टक्क्यांवर गाडी अडते. त्या प्रमाणातलं पाणी आणि इथेनॉल ७८.२ अंशाला एकत्रच उकळतात, जणू एकच द्रव. शुद्ध इथेनॉल उकळतं ७८.३ ला. ०.१ अंशाच्या या फरकाने जगभरातल्या इंजिनिअरांना छळलं आहे. पेट्रोलमध्ये मिसळायला मात्र ९९.५ टक्क्यांच्या वरचं लागतं, कारण पाणी असलं तर टाकीत थर वेगळे होतात. पूर्वी चुनकळी वापरून पाणी शोषून घेत, मग बेंझिन घालून ऊर्ध्वपातन करत. आता झिओलाइटच्या बारीक गोळ्या. त्यांची छिद्रं सुमारे ३ अँगस्ट्रॉमची; पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा जाडा रेणू बाहेरच राहतो. एवढी सुंदर चाळणी, आणि तिच्याबद्दल एक शब्द नाही. (झिओलाइट हे माझं प्रेम आहे, त्यामुळे या तक्रारीत थोडा पक्षपात धरून चाला.)

एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर काळपट तपकिरी सांडपाणी निघतं, ज्याला कारखान्याच्या गावात मळीचं पाणी म्हणतात, तेही समीकरणात नसतं. ते ओढ्यात गेलं तर मासे गुदमरतात. डोंबिवलीत वाढलेल्या मुलांना रसायन बाटलीबाहेर काय करतं ते माहीत असतं. २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला, २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यात एमआयडीसीतल्या स्फोटांनी घरांच्या काचा फुटल्या. या मुलांना 'उप-उत्पादन' हा शब्द शिकवताना बाणाच्या उजव्या बाजूला काय काय लिहिलं जात नाही तेही सांगायला हवं.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर मी हे लिहायला बसले ती.

आमची चर्चा चालू असताना ती मुलगी म्हणाली, "ताई, पण गावठी दारू नीट नाही बनली की त्यात मिथेनॉल होतं ना? म्हणून माणसं आंधळी होतात." क्लासमध्ये कुणीतरी सांगितलेलं. तुम्हालाही असंच वाटत असेल, बहुतेकांना वाटतं. तिच्या धड्यात मिथेनॉल विषारी आहे, अंधत्व येतं, मृत्यू येतो, असं एक वाक्य आहे, आणि ते किण्वनाच्या परिच्छेदाला लागूनच आहे. वाचणारा दोन्ही जोडतो.

साखरेच्या किंवा गुळाच्या किण्वनात मिथेनॉल जवळजवळ तयारच होत नाही. ग्लुकोजचे सहा कार्बन दोन-दोनच्या जोड्यांनी इथेनॉलमध्ये जातात आणि उरलेले दोन कार्बन डायऑक्साइड म्हणून. एक कार्बनचं अल्कोहोल त्या वाटेवर कुठे लागतच नाही. फळांतल्या पेक्टिनमधून थोडं येतं, पण थोडंच. कल्याण-दिव्याच्या खाडीत, तिवरांत हातभट्ट्या उद्ध्वस्त केल्याच्या बातम्या नेहमी येतात, त्यात काळा गूळ आणि नवसागर जप्त केल्याचं वाचलं असेल. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड; गुळाच्या पाण्यात यीस्टला नत्र कमी पडतो, तो त्यातून मिळतो. डिस्टिलरीत याच कामाला युरिया घालतात. ती दारू घाणेरडी असेल, बेकायदा तर आहेच, पण त्यातून मिथेनॉल उगवत नाही.

जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली. ती भट्टीत काही चुकलं म्हणून गेली नाहीत. कारखान्यांसाठी असलेलं मिथेनॉल, जे कधीच किण्वनातून आलेलं नव्हतं, कुणीतरी स्वस्त पडतं म्हणून दारू म्हणून विकलं. इथेनॉलवर उत्पादन शुल्क खात्याची करडी नजर असते. आमच्या लॅबला एक बाटली आणायची तर परवाना, नोंदवही, सह्या. मिथेनॉल हे कारखान्यात ड्रमने येणारं द्रावक. दिसायला तसंच, वासाला जवळपास तसंच. पोटात गेल्यावर यकृतातलं जे एन्झाइम इथेनॉलवर काम करतं तेच मिथेनॉलवरही करतं, आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनतं. ते डोळ्याच्या मज्जातंतूवर जातं. उपचार म्हणून रुग्णालयात इथेनॉल देतात, किंवा फोमेपिझोल, म्हणजे एन्झाइम अडवून ठेवायचं आणि मिथेनॉल तसंच शरीराबाहेर जाऊ द्यायचं. पहिले काही तास हातात असतात.

'भट्टी नीट जमली नाही' हे कारण मानलं की दोष मरणाऱ्याच्या व्यसनावर आणि भट्टी लावणाऱ्याच्या अडाणीपणावर जातो. ड्रम कुठून निघाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. आणि दुसरं, ज्याला असं वाटतं की चांगली बनलेली असेल तर धोका नाही, तो माणूस उलटी आणि अंधुक दिसणं अंगावर काढतो, सकाळी उतरेल म्हणून झोपून राहतो. हा फरक धड्यात एका वाक्याचा आहे. मिथेनॉल कसं बनतं ते बारावीच्या त्याच पानावर दिलेलं आहे: कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन, उच्च दाब, झिंक आणि क्रोमियमच्या ऑक्साइडचा उत्प्रेरक. म्हणजे माहिती आहे. 'म्हणून ते दारूच्या भट्टीत तयार होत नाही, बाहेरून येतं' एवढं पुढचं वाक्य नाही.

त्या रविवारी आम्ही शेवटी एक प्रयोग लावला. ऊर्ध्वपातन घरी करायचं नाही, ते विनापरवाना केलं तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि शिवाय आग लागते. आम्ही फक्त वजन केलं. प्लास्टिकची बाटली, पाव लिटर कोमट पाणी, २० ग्रॅम साखर, केकवाल्या दुकानातलं चमचाभर यीस्ट. झाकणाला छोटं भोक, त्यातून नळी, नळीचं टोक चुन्याच्या निवळीत. निवळी पंधरा मिनिटांत दुधाळ झाली, ते तिला अपेक्षितच होतं. मग निवळी बाजूला काढली, बाटली काकूंच्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवली आणि आकडा लिहून घेतला.

यातली गंमत अशी की किण्वनात प्रत्येक इथेनॉलच्या रेणूमागे कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बाहेर जातो. त्याचं रेणुवस्तुमान ४४, इथेनॉलचं ४६. म्हणजे बाटलीचं वजन जेवढे ग्रॅम घटेल, जवळपास तेवढेच ग्रॅम इथेनॉल आत तयार झालेलं असणार. वास घ्यायला नको, चव तर नकोच. काटा सांगतो.

मंगळवारी रात्री तिचा मेसेज आला. वजन ८ ग्रॅमने कमी झालं होतं. ८ भागिले ४४ गुणिले ४६, म्हणजे ८.४ ग्रॅम इथेनॉल. २० ग्रॅम साखरेतून जास्तीत जास्त १०.८ ग्रॅम निघू शकतं, हे तिने स्वतःच काढलं होतं. म्हणजे ७८ टक्के. खाली लिहिलं होतं, "ताई, डिस्टिलरीवाले किती काढतात?" मी सांगितलं, नव्वदच्या आसपास. थोड्या वेळाने पुन्हा मेसेज: "मग उरलेली साखर यीस्टने खाल्ली का?"

हो, बरीचशी. थोडी अजून पाण्यात असेल. बाटली अजून दोन दिवस ठेवू म्हणाली. काकूंना काटा परत हवाय.